तळावरून चालणाऱ्या कासवाची टाकी

मस्क टर्टल या नावाने ओळखले जाणारे छोटे पाणकासव मूळचे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील असून, कॅनडाच्या दक्षिण ऑन्टॅरिओपासून फ्लोरिडा आणि टेक्सासपर्यंतची संथ, उथळ, गाळाच्या तळाची तळी आणि ओढे हे त्याचे नैसर्गिक वसतिस्थान आहे. शास्त्रीय वर्गीकरणात स्टर्नोथेरस ओडोराटस असे नाव असलेल्या या प्राण्याचे पाठकवच पूर्ण वाढीनंतरही साधारणपणे ८ ते १२ सेंटिमीटर लांबीचे असते. नाकाच्या टोकापासून मानेकडे जाणाऱ्या दोन पिवळट रेषा, हनुवटीवर लोंबणारे बारीक मांसल तंतू आणि पाय पुरते झाकू न शकणारे आखूड पोटकवच ही त्याची ओळखीची चिन्हे होत. भेदरल्यावर कवचाच्या कडेखालच्या ग्रंथींतून तो उग्र वासाचा स्राव सोडतो, त्यावरून त्याला हे नाव मिळाले आहे. मात्र माणसांच्या वावराला सरावलेले कासव असा स्राव क्वचितच सोडते.

घरात कासव पाळण्याची हौस मुंबई आणि ठाणे परिसरात नवी नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या आणि कुर्ल्याच्या मत्स्यबाजारांतून वर्षानुवर्षे विकले गेलेले कासव म्हणजे कानाजवळ लाल पट्टा असलेले रेड इअर्ड स्लायडर होय. नाण्याएवढे असताना विकत घेतलेले हे पिल्लू काही वर्षांत २० ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि मग त्याला पुरेल एवढी टाकी सदनिकेत मावत नाही, हे लक्षात येईपर्यंत पुष्कळ घरांना उशीर झालेला असतो. त्या मानाने मस्क टर्टल आयुष्यभर तळहाताएवढेच राहत असल्यामुळे योग्य टाकी उभारणे सामान्य कुटुंबाच्याही आवाक्यात असते. परंतु आकार लहान म्हणून गरजाही लहान, असा अर्थ काढणे चुकीचे ठरते. भाग्य यावे म्हणून काचेच्या वाडग्यात दोन बोटे पाण्यात ठेवलेले कासव कोणत्याही जातीचे असले, तरी त्याचा सावकाश छळच चालू असतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

टाकीची रचना ठरवण्यापूर्वी हा प्राणी पाण्यात कसा वावरतो ते समजून घेणे आवश्यक आहे. स्लायडरसारखी कासवे पाण्याच्या मधल्या थरात जोमाने पोहतात, तर मस्क टर्टल हे पोहण्यात कच्चे असून ते बहुतांश वेळ तळावरून चालत, गाळात नाक खुपसून गोगलगायी, किडे, अळ्या आणि मेलेले मासे शोधत फिरते आणि श्वासासाठी अधूनमधून वर येते. त्याच्या जिभेवर आणि घशाच्या अस्तरावर रक्तवाहिन्यांनी भरलेले सूक्ष्म उंचवटे असून, त्यांच्या साहाय्याने ते पाण्यात विरघळलेला प्राणवायूही काही प्रमाणात शोषून घेऊ शकते, असे व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले. थंड पाण्यात स्वस्थ पडून राहिलेल्या कासवाला ही सोय पुष्कळ काळ पुरते. उबदार टाकीतल्या हालत्याफिरत्या कासवाला मात्र हवेतला श्वास घ्यावाच लागतो.

या स्वभावातून टाकीच्या मापाचा पहिला नियम निघतो. उंची दुय्यम, तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. एका प्रौढ कासवासाठी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी हे समाधानकारक माप मानता येते. दुकानात शोभेसाठी मिळणाऱ्या उभट किंवा गोल टाक्या तेवढेच पाणी धरत असल्या तरी निरुपयोगी ठरतात, कारण त्यांत चालायला जागा नसते. पाण्याची खोली कासवाच्या वयाप्रमाणे वाढवत न्यावी लागते. नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या, दोन-अडीच सेंटिमीटरच्या पिलाला तळावर उभे राहून मान ताणली की नाकपुड्या पाण्याबाहेर येतील एवढेच पाणी सुरुवातीला द्यावे आणि प्रौढ कासवासाठी ते ३० सेंटिमीटरपर्यंत न्यावे. पण त्या खोलीतही तळापासून पृष्ठभागापर्यंत चढत जाता येईल अशी लाकडाची फांदी, दगडांची उतरंड किंवा दाट वनस्पती असलीच पाहिजे. पोहण्यात कच्चे असलेले हे कासव आधाराविना खोल पाण्यात दमते, आणि लाकूड किंवा दगड यांच्या फटीत अडकले तर बुडून मरते. म्हणून टाकीतील प्रत्येक फट एक तर कासव सहज आरपार जाईल एवढी मोठी किंवा त्याचे डोकेही शिरणार नाही एवढी लहान असावी.

अशा टाकीत ३० सेंटिमीटर पाणी भरल्यास ते सुमारे १२० लिटर होते. त्यात ८ मिलिमीटर जाडीची काच आणि तळाची वाळू धरली की एकूण वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जाते. हे वजन पेलणारे लोखंडी किंवा भक्कम लाकडी स्टँड भिंतीलगत, शक्यतो तुळईजवळ ठेवावे आणि काचेखाली थर्माकोलचा पातळ थर द्यावा, म्हणजे लहानशा उंचसखलपणामुळे काचेवर ताण येत नाही.

परदेशी पुस्तकांतील आणि माहितीपत्रकांतील सल्ला बहुतांशी थंड हवेच्या देशांसाठी लिहिलेला असतो, त्यामुळे त्यांत पाणी तापवण्याच्या हीटरला पहिले स्थान मिळते. मानकोलीत प्रश्न नेमका उलटा आहे. भिवंडी तालुक्यातील हे गाव मुंबई–नाशिक महामार्गावर, उल्हास खाडीच्या काठाला वसलेले असून, आजूबाजूला दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ अशा गावांतून गोदामांची प्रचंड वसाहत पसरलेली आहे. २०२४ साली मोठागाव–मानकोली पूल खुला झाल्यापासून डोंबिवलीकडील नागरी वस्तीशीही ते थेट जोडले गेले आहे. गावठाणातील जुनी घरे, नव्या इमारती आणि पत्र्याच्या छपराची गाळ्यांची रांग असे संमिश्र बांधकाम येथे दिसते. मस्क टर्टलला २२ ते २६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, पिलांना त्याहून किंचित उबदार चालते. उलट एप्रिल-मेमध्ये या पट्ट्यात दुपारचा पारा ३५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत तर टाकीचे पाणी सहज ३० अंश ओलांडते. हीटर येथे लागलाच तर डिसेंबर-जानेवारीतील मोजक्या थंड रात्री, तोही पिलांसाठी.

म्हणून टाकीची जागा निवडणे हाच मानकोलीतील कासवपालकाचा सर्वांत मोठा निर्णय ठरतो. तळमजल्यावरची, उत्तरेकडील भिंतीची, थेट ऊन न येणारी खोली सर्वांत उत्तम. पश्चिमेच्या खिडकीजवळ किंवा वरच्या मजल्यावर गच्चीखाली टाकी ठेवल्यास उन्हाळ्यात ती वाचवणे कठीण होते. पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा लहान पंखा बसवला तर बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, पण खाडीकाठच्या दमट हवेत हा परिणाम कोरड्या प्रदेशापेक्षा कमी असतो आणि उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते. बर्फाच्या बाटल्या टाकून पाणी एकदम गार करण्याचा मोह टाळावा, कारण काही तासांत होणारे मोठे चढउतार हे सलग उष्णतेइतकेच अपायकारक असतात. काचेला चिकटवण्याच्या पट्टीपेक्षा पाण्यात बुडणारा साधा थर्मामीटर अधिक विश्वासार्ह असतो आणि मे महिन्यात त्यावरचा आकडा दिवसातून दोनदा पाहणे योग्य.

उष्णतेचा दुसरा परिणाम डोळ्यांना न दिसणारा, म्हणून अधिक धोक्याचा आहे. कासवाच्या विष्ठेतून, मूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील स्पंजावर आणि वाळूवर वाढणारे उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी विषारी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात; या क्रमाला नायट्रोजन चक्र म्हणतात. पाण्यातील अमोनियाचा एक भाग निरुपद्रवी आयनाच्या रूपात, तर उरलेला भाग विषारी मुक्त वायूच्या रूपात असतो आणि या दोहोंचे प्रमाण तापमानावर व पाण्याच्या आम्ल-अल्कतेवर, म्हणजे पीएच मूल्यावर ठरते. पाणी २५ अंश आणि पीएच ७ असताना विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, तर ३० अंश आणि पीएच ८ झाल्यावर तोच ७ टक्क्यांच्या वर जातो. बेसाल्ट खडकातील बोअरवेलचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते, हे लक्षात घेतले म्हणजे मे महिन्यातील भिवंडीच्या टाकीत तेवढीच घाण दहापटीहून अधिक जाचक का ठरते, ते कळते. कासवाला माशासारखे कल्ले नसल्यामुळे ते लगेच मरत नाही. पण डोळे सुजणे, कातडी लाल होणे, कवचावर चट्टे येणे ही लक्षणे हळूहळू दिसू लागतात आणि पालक त्यांना दुसरेच काही कारण चिकटवतो.

या भागात पाणी तीन वाटांनी घरात येते: नळाने, बोअरवेलने आणि टँकरने. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. ते उघड्या बादलीत २४ तास ठेवल्याने बऱ्याच अंशी उडून जाते, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे, मुख्यतः सोडियम थायोसल्फेटचे द्रावण घातल्यास तत्काळ निष्प्रभ होते. क्लोरीन कासवाला फारसे बाधत नाही, पण फिल्टरमधील जिवाणूंना मारते आणि चक्र कोलमडते. खाडीजवळच्या बोअरवेलचे पाणी मचूळ असण्याची शक्यता असते, म्हणून ते वापरण्याआधी विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर लावून पाहावे. हे उपकरण पाण्याचे फिल्टर बसवणाऱ्यांकडे असतेच. टँकरचे पाणी प्रत्येक खेपेला वेगळ्या स्रोताचे असू शकत असल्याने ते एकदम मोठ्या प्रमाणात बदलू नये. आरओ यंत्राचे पाणी शुद्ध असले तरी त्यातील क्षार निघून गेलेले असल्यामुळे नुसते तेच भरणे हिताचे नसते.

नव्या टाकीत कासव लगेच सोडणे ही सर्रास होणारी चूक आहे. जिवाणूंची वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोपर्यंत फिल्टर चालू ठेवून, चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून, अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत तपासणी संचाने पाहत राहावे लागते. एखाद्या परिचिताच्या चालू टाकीतील जुना स्पंज मिळाला तर ही मुदत पुष्कळ घटते. त्यानंतर दर आठवड्याला पाण्याचा चौथा हिस्सा, म्हणजे दोन बादल्यांच्या आसपास पाणी बदलणे पुरते; सगळे पाणी उपसून टाकी घासून लख्ख करण्याची सवय मात्र जिवाणूंच्या मुळावर येते. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, नळाखाली नव्हे.

फिल्टर निवडताना कासव माशापेक्षा कितीतरी अधिक घाण करते हे ध्यानात ठेवून, १२० लिटर पाण्यासाठी २५० ते ३०० लिटरच्या टाकीला पुरेल असा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर घ्यावा. त्याचा प्रवाह मात्र भोके पाडलेल्या आडव्या नळीतून पसरवून मंद करावा, नाहीतर संथ पाण्यात राहणारे हे कासव सतत लोंढ्याशी झगडत राहते. पावसाळ्यात वीज जाण्याचे प्रसंग येतात तेव्हा या फिल्टरचा एक दोष उघड होतो: बंद डब्यातील पाण्याचा प्राणवायू संपला की काही तासांत आतले जिवाणू मरू लागतात, आणि वीज परत आल्यावर तेच कुजके पाणी टाकीत ढकलले जाते. ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, म्हणून उन्हाळ्यात हे आणखी लवकर घडते. यावर स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे जोडीला एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर ठेवणे आणि तो पंप इन्व्हर्टरला जोडणे; त्याला अवघी काही वॉट वीज लागते. चार तासांहून अधिक काळ वीज नसेल तर कॅनिस्टर उघडून पाणी ओतून द्यावे आणि मगच तो पुन्हा सुरू करावा. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्यापूर्वी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगमध्ये न जाता तेथून गळते. त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असावा. पाणी आणि वीज शेजारी असताना या खर्चात काटकसर करू नये.

तळाला दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा बारीक, गोल कणांच्या धुतलेल्या वाळूचा थर कासवाच्या खणण्याच्या स्वभावाला साजेसा असतो. मोठाली रंगीत खडी कासव गिळते आणि आतड्यात अडथळा होतो. बांधकामाची क्रश सँड धारदार कणांची असते, तर खाडीची रेती खारट आणि शिंपल्यांच्या तुकड्यांची, त्यामुळे दोन्ही टाळाव्यात. लपण्यासाठी अर्धी फुटलेली, कडा घासून गुळगुळीत केलेली मातीची कुंडी कोणत्याही महागड्या सजावटीच्या गुहेइतकीच उपयोगी पडते. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, ॲन्युबियास अशा वनस्पती पाणी स्वच्छ राखायला मदत करतात आणि पिलांना वर चढायला आधारही देतात. मात्र उल्हास नदीतील जलपर्णी किंवा कामवारी नदीच्या काठचे गवत आणून टाकीत घालू नये, कारण भिवंडीतील सायझिंग आणि डाइंगच्या कारखान्यांचे सांडपाणी या प्रवाहांनी दीर्घकाळ सोसले आहे. खाडीकाठच्या तिवरांची वेडीवाकडी मुळे टाकीत शोभून दिसतील असा विचार कोणाच्याही मनात येऊ शकतो, पण कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असून तेथील लाकूड तोडणे गुन्हा आहे.

मस्क टर्टल स्लायडरइतके ऊन खात नाही, तरी त्याला पूर्ण कोरडे होता येईल असा पाण्याबाहेरचा एक मंच लागतोच. त्यावर दिव्याखाली ३० ते ३२ अंश तापमान मिळावे आणि शेजारी यूव्ही-बी नळी असावी. यूव्ही-बी म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा तो भाग, ज्याच्या साहाय्याने कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे कॅल्शियम हाडांत व कवचात बसते. खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते, म्हणून काचेआडच्या उन्हाने फक्त पाणी तापते, कवच बळकट होत नाही. नळी दिसायला उजेड देत राहिली तरी तिची अतिनील क्षमता सहा महिने ते वर्षभरात ओसरते, तेव्हा बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवणे सोयीचे. दिवे रोज १० ते १२ तास पुरेत. उन्हाळ्यात मंचावरचा तापवणारा दिवा दुपारी बंद ठेवून यूव्ही-बी नळी तेवढी चालू ठेवता येते.

झाकण अनिवार्य आहे. हे कासव पाण्यात दुबळे असले तरी चढण्यात पटाईत असून, निसर्गात ते पाण्यावर झुकलेल्या खोडांवर दोन मीटरपर्यंत चढलेले आढळते. फिल्टरची नळी, वायर, कोपऱ्यातील सिलिकॉन यांपैकी कशाचाही आधार घेऊन ते टाकीबाहेर पडू शकते. जाळीचे झाकण हवा आणि यूव्ही-बी दोन्ही आत जाऊ देते, म्हणून काचेपेक्षा तेच बरे.

आहाराविषयी येथे थोडक्यात सांगायचे तर कासवांसाठीचे गोळीखाद्य, गांडुळे आणि गोगलगायी हा मुख्य भाग. भात, पाव, बिस्किटे वर्ज्य. माकुलाचे हाड, जे आयुर्वेदात समुद्रफेन म्हणून ओळखले जाते, त्याचा तुकडा पाण्यात टाकल्यास कासव तो कुरतडून कॅल्शियम मिळवते. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोटाचे विकार करणारा जिवाणू असू शकतो, आणि त्याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, टाकीच्या वस्तू स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न धुणे आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती कासव न देणे, एवढी शिस्त घरात असली पाहिजे.

टाकी तयार झाली तरी कासव कोठून आणावे हा प्रश्न उरतो, आणि तो कायद्याचा आहे. कोकणातील तळ्यांत आढळणारे फ्लॅपशेल किंवा जमिनीवर राहणारे चांदणी कासव असे कोणतेही देशी कासव घरात ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा ठरतो. दुकानदाराने ते विदेशी म्हणून विकले तरी खरेदीदार सुटत नाही. मस्क टर्टल विदेशी असले, तरी २०२२ साली पनामा येथे भरलेल्या साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या परिषदेत त्याच्या संपूर्ण प्रजातीचा समावेश परिशिष्ट दोनमध्ये झाला असून, २३ फेब्रुवारी २०२३ पासून देशोदेशींच्या सीमा ओलांडताना परवाना लागतो. भारतातही २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचीतील विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली आणि २०२४ मध्ये त्यासाठी नियम निघाले, ज्यांनुसार अर्ज परिवेश या शासकीय संकेतस्थळावर करावा लागतो. म्हणून विक्रेत्याकडून पावती आणि कासवाच्या उगमाची कागदपत्रे घेणे, शक्यतो बंदिवासातच पैदास झालेले पिल्लू निवडणे आणि ठाणे वन विभागाच्या कार्यालयात आधीच चौकशी करणे हा सरळ मार्ग आहे. पैसे देण्यापूर्वी कासवाचे डोळे स्वच्छ आहेत का, कवच कडक आहे का, पाण्यात ते एका बाजूला कलंडत तर नाही ना, हे पाहावे. कलंडणे हे बहुधा फुप्फुसाच्या संसर्गाचे लक्षण असते.

बंदिवासात हे कासव ५० वर्षांहून अधिक जगल्याची नोंद फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात आहे, त्यामुळे घर बदलणे, मुले परगावी जाणे, पालकाचे वय होणे या सगळ्यांतून त्याची टाकी पुढे न्यावी लागते. सांभाळणे अशक्य झाले तर त्याला उल्हास खाडीत किंवा गावच्या तलावात सोडणे हा पर्याय नव्हे: खाडीचे पाणी खारे, तर तलावात ते स्थानिक गोगलगायी आणि माशांची अंडी फस्त करते व सोबत आणलेले रोग देशी कासवांना देते. त्याची जागा एखाद्या अनुभवी पालकाकडे, नोंदणीची कागदपत्रे हस्तांतरित करून, किंवा वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवून त्यांच्या सांगण्यानुसार ठरवावी.